बादशहा कोणाच्या घरचा

इंग्लंडातली ब्रॅकनेलची नोकरी सोडून मी परत आलो त्याला वर्ष झालं. पण वेईचा विषय निघाला की एक किस्सा सांगून भागत नाही. मागून दुसरा येऊन उभा राहतोच.

माणसाला आडनावावरून ओळखू नये, असं माझं ठाम मत. वेई माझा ऑफिसातला चिनी दोस्त, आडनाव ली. स्लाऊच्या देशपांडे काकूंकडे त्याला पहिल्यांदा जेवायला नेलं, तर वरण वाढता वाढता काकूंनी विचारलंच, "तुम्ही कुठले ली?"

मी शरमेने ताटात बघत राहिलो. वेईला मात्र प्रश्न फार आवडला. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: पाण्यातला चंद्र पकडायला गेलेला कवी, रेड्यावर बसून देश सोडून गेलेला ज्ञानी आणि एक अख्खं राजघराणं, सगळे ली.

"आम्ही राजघराण्यातले," तो म्हणाला.

काकूंनी त्याला आणखी एक पोळी वाढली.

*

आमच्या टेस्टिंग टीममध्ये आणखी एक ली होती, निंग. मॅनेजर दोघांच्या ई-मेलमध्ये कायम गोंधळ करायचा. एकदा निंगची मंजूर झालेली रजा त्याने वेईला कळवली. वेई खुशाल वेल्सला जाऊन आला.

सोमवारी निंग त्याच्या टेबलाशी उभी. "माझी सुट्टी कशी झाली?"

"पाऊस होता. तू काही गमावलं नाहीस."

त्यानंतर दोघं रोज एकत्र जेवू लागले.

*

वर्षभराने लग्नाचं ठरलं, आणि चीनहून वेईच्या बाबांनी नाही म्हटलं. त्यांच्या गावात एका आडनावाचे म्हणजे एका घरचे. भावाबहिणीचं लग्न कसं लावायचं? त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करायचं नाही, असं निंगनेही बजावलं.

मी कँटीनमध्ये पंधरा मिनिटं बोललो. रूढी, विवेक, नवी पिढी.

वेईने मोबाईल पुढे केला. "हे सगळं बाबांना सांग."

मी कॉफी आणायला गेलो.

*

काकूंना यात काहीच अवघड वाटलं नाही. "सगोत्र निघालं, एवढंच ना? आमच्याकडे मुलगी दुसऱ्या गोत्रात दत्तक देतात. आम्ही घेतो निंगला."

काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. "मंगलाष्टकांची सीडी आहे आपल्याकडे."

"काकू, अहो, गोत्र वगैरे या काळात..."

"तू गप्प बस. तुझ्या भाषणाने झालं का लग्न?"

वेईने गंभीरपणे विचारलं, "दत्तकाला किती दिवस लागतात?"

*

शेवटी वाट निंगनेच शोधली. जुन्या काळी बादशहा एखाद्यावर खूश झाला की त्याला आपलं आडनाव बक्षीस द्यायचा. म्हणजे आडनाव एक असलं, तरी रक्त वेगळं असू शकतं. फक्त दोनपैकी एका घराने बादशहाच्या नात्यावर पाणी सोडायचं.

निंगच्या वडिलांनी साफ नकार दिला. त्यांनी वंशावळ छापून घेतली होती. वेईचे बाबा तर तीन आठवडे फोनच उचलेनात.

मग एका रविवारी आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात असताना बाबांचाच फोन आला. वेई नुसता ऐकत होता.

काकूंनी गॅस बंद केला. "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तिच्या घरी कळव, आम्ही बादशहाचे घोडे धुवायचो. आडनाव बक्षीस मिळालंय."

पलीकडून बाबा अजून बोलतच होते. वेईने फोन पुन्हा कानाला लावला.

"आणि म्हणतायत, घोडे उत्तम धुवायचो, हेही कळव."