निबर भेंडी

आमची आई भांडकुदळ होती, आणि हे मी अभिमानाने सांगते. राजापेठेतल्या आमच्या घरी बाबांनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तिचं माहेर अंजनगावचं, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. बाजारातली कुठलीच भाजी तिला पसंत पडायची नाही. बाबा गालात हसत ऐकून घ्यायचे.

मग तिच्या किडनीवरची गाठ काढली. गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले. पण त्यानंतर तिचं बीपी जे चढलं ते उतरेचना. गोळ्या वाढल्या, जेवण अळणी झालं, तरी तेच. नातेवाइकांनी निदान करून टाकलं: स्वभावच तापट, दुसरं काय! आईने ते मनाला लावून घेतलं आणि चक्क बोलणंच सोडलं. बाबा निवडून निवडून कोवळी भाजी आणायचे, ती मुकाट्याने चिरायची. तिला झटका येईल या धास्तीने आम्हीही हळू बोलायचो. घर खायला उठायचं.

अकोल्याच्या मावशीने हट्टाने तिला जठारपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आईच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ कान दिला. मग तपासण्या झाल्या. ऑपरेशनमध्ये किडनीला रक्त नेणाऱ्या वाहिनीला इजा होऊन ती आक्रसली होती. रक्त कमी पोचतं म्हणून किडनीच बीपी चढवत होती.

"तुमच्या रागाचा यात काही दोष नाही," बाई म्हणाल्या. आई तिथेच रडली.

रक्तवाहिनीत स्टेंट बसला, बीपी हळूहळू उतरलं. पहिल्याच बाजाराला बाबांनी मुद्दाम निबर भेंडी आणली. आईने एक मोडून पाहिली, मोडेना.

"तुमाले डोये हायेत का नाई? कावून आणली अशी? बैलाले चारू का?"

बाबा बाहेर आले आणि डोळे पुसत मला म्हणाले, "आली वं, तुई माय वापस आली."

त्यानंतर आई बरीच वर्षं मनसोक्त भांडली. मागच्या वर्षी झोपेतच गेली. बाबा अजून बाजारात जातात. काल त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच घुटमळत राहिले. मी आत पाहिलं. भेंडी होती, निबर. मी जमेल तेवढा आवाज चढवला, "बाबा, तुमाले डोये हायेत का नाई?"

ते गालात हसले आणि खुर्ची ओढून ऐकायला बसले.