भिकाजीचं गाऱ्हाणं

संगमेश्वरच्या आतल्या अंगाला एका गावात मी आरोग्य उपकेंद्राची नर्स आहे. गावात ख्रिस्ती माणूस मी एकटीच. तरी शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा भिकाजीचं गाऱ्हाणं ऐकायला मीही जाते. देवापुढे साऱ्यांचं सुखदुःख मांडायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि बोलणं असं की ऐकतच राहावं.

अंतःकरणात भरलेलं असतं तेच तोंडाला येतं, असं आमचं शास्त्र सांगतं. म्हणून मी या माणसाचं मनही गोडच धरून चालले. चुकलेच. मन खोटं असेल तर गोड ओठ म्हणजे मातीच्या मडक्यावरचा चांदीचा मुलामा, हेही त्याच शास्त्रात आहे. ते मी सोयीनं विसरले.

बारा वर्षं भिकाजीनं अंथरुणाला खिळलेल्या आईचं, गंगुबाईचं, हगणंमुतणं काढलं. त्यापायी त्याचं लग्न राहून गेलं. आणि म्हातारी दिवसभर नाव घ्यायची ते मुंबईच्या धाकट्या काशीरामचं.

गेल्या श्रावणात तिचं लक्षण ठीक दिसेना. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे, भावाला बोलावून घे, असं मी भिकाजीला बजावलं. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला.

"आवस बरी हाय रे. सकाळी पेज खाल्लान. गनपतीला येशील तेवा बघशील. कामाचा खाडा नको करू, मी हाय ना."

मी डोळे वटारले. फोन ठेवून तो हळूच म्हणाला, "शिस्टर, बारा वर्सा ती त्याचीच व्हती. दोन दिवस तरी माझी होऊ दे."

काशीरामचा नंबर माझ्या वहीत होता. मी लावला नाही. भिकाजीची दया आली, असं तेव्हा मनाला समजावलं. खरं तर दुसऱ्याच्या घरात तोंड घालायची हिंमत नव्हती. माझंही पाप त्याच तागडीतलं.

तिसऱ्या दिवशी गंगुबाई गेली. काशीराम पोचला तेव्हा चिता विझत आली होती. तो भावाच्या पायांवर पडून रडला. तू होतास म्हणून तिचे हाल झाले नाहीत, असं म्हणाला. पण आई आपल्यावर रुसून गेली, हे त्याच्या डोक्यातून जाईना. झोप उडाली, जेवण तुटलं. शिमग्याला आला तो कपडे अंगावर लोंबत होते. नाडी बघताना मलाच भीती वाटली.

पालखी भिकाजीच्या दारापुढच्या खळ्यात टेकली. काशीरामनं भावाच्या हातात नारळ दिला.

"दादा, आवशीच्या येळेला मी आलो नाय. माझी चूक पदरात घे, असा देवाला सांग. तुझा ऐकतो तो."

भिकाजीनं नारळ पालखीपुढे धरला. मग गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आवस मरनाला टेकलेली. ती बरी हाय असा मीच सांगितला."

"होय म्हाराजा," साऱ्यांनी माना खाली घालून साथ दिली. दर वाक्याला ती द्यायचीच असते. शब्दांकडे लक्ष कोण देतो?

"काशा आला असता. मीच त्याला येऊ दिला नाय."

"होय म्हाराजा."

काशीरामनं तेवढी साथ दिली नव्हती. ढोल वाजले, पालखी उचलली गेली, माणसं पुढच्या घराकडे निघाली. खळ्यात आम्ही तिघंच उरलो.

आता हा भावाच्या अंगावर धावून जाणार, असं मला वाटलं. तो नुसता खाली बसला.

"जाताना ती काय बोलली?" त्यानं विचारलं.

भिकाजीनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारी गेली तेव्हा मीही तिच्या उशाशी होते, ते शब्द मीही ऐकले होते. खोटं बोल रे बाबा, आजच्या दिवस खोटं बोल, मी मनातल्या मनात विनवत राहिले.

"'काशाला मी नकोशी झाले,'" भिकाजी म्हणाला, "असा म्हनाली."