दारावरचा कडुलिंब

कुंभकोणमला आमच्या गल्लीत कुणाला देवी आल्या की घरची बाई दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायची. अम्मन, म्हणजे देवी, घरात आहे, आत येऊ नका, असा त्याचा अर्थ. भिकारीसुद्धा ते पाहून वळायचा. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरला मात्र नेमके तेच हवे असायचे. सायकलवरून डहाळे हेरत तो यायचा आणि आजारी माणसाला गावाबाहेरच्या शेडमध्ये हलवायचा. तिथून परत आलेले मूल आमच्या गल्लीने पाहिले नव्हते.

मी सात वर्षांची असताना मला देवी आल्या. आईने सकाळी डहाळे बांधले आणि दुपारी सायकलची घंटा ऐकताच काढून चुलीत घातले. तिचे तसेच होते. देवीला हात जोडायचे आणि सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकायची, दोन्ही एकाच दमात.

दुसऱ्या दिवशी समोरची अक्का विरजण मागायला आली. आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातली, आईची जिवाभावाची मैत्रीण. कडेवर तान्हा मुलगा, अजून देवी न टोचलेला. दार मोकळे दिसले म्हणून ती सरळ आत आली आणि तिने त्याला माझ्या चटईवर ठेवले.

"पोरीस काय झालें गे?"

"उष्ण झालें. दुसरें कांहीं नाहीं," आई म्हणाली आणि वाटीत विरजण घालू लागली.

बाळ माझ्या कुशीत सरकले. कालपासून एकटी पडून होते, मला फार बरे वाटले. आईने ते पाहिले आणि तोंड उघडले नाही. ती जाऊन वर्षे झाली, पण हे मी तिला अजून माफ केलेले नाही.

माझ्या खपल्या गळत होत्या तेव्हा अक्काच्या दाराला डहाळे लागले. तिने ते काढले नाहीत. इन्स्पेक्टर आला तोवर बाळ गेले होते.

माणूस वाईट नव्हता. तिच्या तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर बसून तो तमिळमध्ये हळू विचारत होता, मुलाला कुठे कुठे नेले होते? लागण कुठून झाली ते कळले नाही तर आणखी मुले जातील. त्याचे खरेच होते. आई आमच्या दारात खांब धरून उभी होती, मी खिडकीआड. अक्काची चोळी दुधाने भिजली होती. तिने देऊळ सांगितले, विहीर सांगितली, बाजार सांगितला. आमचे घर सांगितले नाही.

तो गेल्यावर आईने धावत जाऊन तिचे पाय धरले. अक्काने पाय मागे घेतले.

"माझें गेलें. तुझें शेडांत घालून मजला काय मिळायचें? ऊठ. पुन्हा माझ्या दारीं येऊं नकोस."

ती आईशी पुढे कधीच बोलली नाही. मी शाळेला निघाले की मात्र हाक मारून, जेवलीस का, असे विचारायची. मी हो म्हणायचे, आणि आई घरात ते ऐकत असायची.