चंद्रभानच्या नावाचा वेळू

हिवरखेडच्या खुशालराव माळ्याला दोनच गोष्टींचं वेड होतं, पेरूची बाग आणि धनुष्यं. धनुष्य म्हणजे रामाचं नव्हे, माळ्याचं. दोरीच्या मधोमध सुताची चिमुकली झोळी, झोळीत भाजलेल्या मातीची गोळी, आणि समोर पेरूवर तुटून पडलेले पोपट. त्याला गलोल म्हणत. आजची रबराची गलोल मनात आणाल तर फसाल. ही छातीइतकी उंच असायची आणि नवख्यानं ओढली तर गोळी पोपटाला सोडून त्याच्याच अंगठ्यावर बसायची. मग तो अंगठा तोंडात घालून गावभर फिरायचा.

खुशालरावच्या गलोलीचं पोट, म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू, धामणीच्या लाकडाचं आणि बाहेरची पाठ वेळूची असे. एकट्या लाकडाची गलोल करणाऱ्याला तो माणसात धरत नसे. म्हणे, "धामण वाकते, पन ताणाले भेते. वेळू भेत नाही." पाठीसाठी वेळू भरीव हवा, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला हवा, नाहीतर घुण लागतो. तो चुलीवरच्या आढ्याला बांधून धुरात वाळवायचा, तोही एखाद्या पावसाळ्यापुरता नाही, वर्षानुवर्षं. आणि प्रत्येक वेळू कोणाच्या तरी नावानं आढ्यावर चढायचा. हा त्याच्या घरचा शिरस्ता. नाव एकदा ठेवलं की ठेवलं.

एकुलत्या एका पोराला, चंद्रभानला, मिसरूड फुटलं तेव्हा खुशालराव स्वतः सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन एक वेळू घेऊन आला. इतका सरळ वेळू त्यानं जन्मात पाहिला नव्हता. बायको मैनाबाईनं त्याला हळदीचं बोट लावलं आणि तो चंद्रभानच्या नावानं आढ्यावर गेला. पोरगा अधूनमधून खाटल्यावर उभा राहून त्यावर टिचकी मारायचा.

"बा, वाजून राह्यला. झाला असन आता."

"तुयी अक्कल वाळली का आधी?" बाप म्हणायचा, आणि मनातून खूश व्हायचा.

मग एकोणीसशे अठराचा आश्विन आला. पाऊस दगा देऊन गेलाच होता, त्यावर मानमोडीचा ताप आला. सकाळी विहिरीवर दिसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. डोंगरातून वेळू आणणारे तापानं पडले आणि गावात तिरडीला वेळू मिळेना. रीत ओल्या वेळूची, पण त्या आश्विनात रीत कोण पाहतो? लोक खुशालरावकडे आले. त्यानं आढ्यावरचे वेळू एकामागून एक काढून दिले, कोणाच्या नावाचा कोणता हेही पाहिलं नाही. शेवटी एकच उरला.

त्याच दिवसांत चंद्रभाननं अंथरूण धरलं आणि शेजारच्या महादेवरावची आई, पार्बताबाई, वारली. महादेवराव दारात उभा राहिला. डोळे सुजलेले, पागोट्याचा पत्ता नाही.

"खुशालभाऊ, एक वेळू दे. कापून दोन करीन. मायले नेऊ कशी?"

खुशालरावनं आढ्याकडे पाहिलं, मग खाटल्यावर कण्हणाऱ्या पोराकडे. "तो चंद्रभानच्या नावाचा हाय, महादेव."

"ठाव हाय मले."

"पोरगा पडून राह्यला अन् त्याच्या नावाचा वेळू मी तिरडीले देऊ? मले नाही होत."

मैनाबाई चुलीपासून म्हणाली, "देऊन टाका जी. मेल्या माणसाच्या कामाले नाही म्हनू नाही." खुशालरावनं मान हलवली नाही. महादेवराव आल्या पावली परत गेला. पार्बताबाईला त्यानं आणि त्याच्या मेहुण्यानं घोंगड्याच्या झोळीत घालून नेलं. ज्या बाईनं निम्म्या गावाच्या पोरांच्या नाळा कापल्या, ती बाई अशी गेली. खुशालरावनं ते भिंतीआडून पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

पुन्हा कोणी मागायला येईल म्हणून त्यानं त्याच सकाळी वेळू खाली काढला आणि कोयत्यानं उभा चिरला. चिरलेल्या वेळूची तिरडी होत नाही, आता मागणार कोण? इतक्यानं पोरावरचं टळलं असं त्या भल्या माणसाला वाटलं.

मग पोराच्या खाटल्याशी बसून त्यानं कामाला हात घातला. एकदा ही पाठ धामणीला चिकटली की पोरगा उठेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सगळ्या चिरफळ्यांचं पोट, म्हणजे आतली बाजू, तासलं. त्यातली उत्तम ती पाठीसाठी निवडून रंध्यानं सपाट केली, धामणीवर ठेवून डोळा लावला, फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. वरच्या सालीला मात्र हात लावला नाही. पेरांचे उंचवटे तेवढे काचेनं हलके घासले.

"साल काहून नाही काढत, बा?" चंद्रभाननं तापात विचारलं. त्याला ते पाठ होतं, बापाला बोलतं ठेवायला विचारलं असावं.

"सारा जोर सालीतच असते, बेटा. साल गेली का पाठ मोडली."

"मंग राहू दे," पोरगा म्हणाला.

पाठ चिकटवायचा सरस चुलीवर पातळ होत असताना पोरगा गेला. मैनाबाईच्या हंबरड्यानं शेजारी कळलं. खुशालराव रंधा हातात धरून तसाच बसून राहिला.

माणसं जमली. तिरडीचं कोणी विचारेना. या घरात ते विचारायची कोणाची छाती होईना. तेवढ्यात महादेवराव खांद्यावर दोन हिरवे वेळू घेऊन आला. त्याची बायको सत्यभामा तापानं पडली होती. आईसारखी तिची दशा होऊ नये म्हणून तो एकटा डोंगरात जाऊन ते तोडून आला होता.

"महादेवा, हे तं तुया घरचे..." खुशालराव म्हणाला.

"सत्यभामा आज पेज प्याली," महादेवराव म्हणाला. "पुढचं पुढं पाहू. कामट्या हायेत का आडव्या बांधाले?"

खुशालराव उठला. त्यानं चिरफळ्या पुढे ओढल्या, आणि त्यांच्यात ती पाठही. तासलेली, धामणीवर ठेवली तर फटीतून उजेड न दिसणारी, एवढ्या वर्षांच्या धुरानं पिवळी पडलेली. त्यानं स्वतःच कोयत्यानं तिचे तुकडे केले. महादेवराव ते एकेक करून हिरव्या वेळूंवर सुतळीनं बांधत गेला. घाईत साल खाली आणि पोट वर गेलं. पोटाला तासल्याची बारीक कुसळं असतात. खुशालरावनं त्यावर तळवा फिरवला आणि थांबला.

"साल वर कर, महादेव," तो म्हणाला. "पोराच्या पाठीले टोचन."

महादेवरावनं बांधलेल्या सगळ्या गाठी सोडल्या आणि एकेक कामटी उलटी करून पुन्हा बांधायला घेतली.