मोठ्यांपासून सुरुवात

फिलिपिन्समधल्या लिपा गावात लोला सालुदला, म्हणजे सालुद आजीला, तिचं वय विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा नव्या पाद्रीबाबांनी विचारलं, तर नाताळात चर्चभर वाटलेला तिच्या हातचा तांदळाचा केक, बिबिंका, नेमका त्यांच्याच वाट्याला आला नाही. नवऱ्यामागे शाळेचे गणवेश शिवून तिने एकटीने मुलगी वाढवली. गावातल्या दोन पिढ्यांच्या कमरेची मापं तिला तोंडपाठ होती. स्वतःचं वय मात्र पासष्टावर येऊन बसलं, ते काही केल्या उठेना. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती एकच. "शोभेपुरती," ती म्हणायची.

यंदा मुलीने, मारिफेने, आईला थायलंडच्या सहलीला बोलावलं. मारिफे दुबईत नर्स. ती मुलांना घेऊन तिकडून आली, लोला लिपाहून गेली आणि चियांग माईच्या विमानतळावर सगळे भेटले. तिथेच बिनसलं. सहा वर्षांचा इंगो धावत आला, त्याने आजीचा हात धरून आपल्या कपाळाला लावला, म्हणजे रीतसर मानो केला. "देव तुझं भलं करो," लोला म्हणाली आणि तोच हात तिने बारा वर्षांच्या तालियापुढे धरला. तालियाने लांबूनच हात हलवला. "हाय, लोला!"

पुढे केलेला हात परत कसा घ्यायचा हे लोलाला कधी शिकावंच लागलं नव्हतं. तिने त्याच हाताने केस सारखे केले. पण ते तिला लागलं, चांगलंच लागलं. परतायच्या आत या पोरीने एकदा तरी मानो करावा, एवढ्यासाठी मग तिने सहल पणाला लावली. देवळं, बाजार, धबधबा, काही तिच्या डोळ्यांत शिरेना.

"मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा असतो," ती रोज नाश्त्याला सुरू करायची. "खोलीत शिरलं की सगळ्यांत मोठं कोण ते बघायचं आणि तिथून सुरुवात. मग उतरत जायचं. मोठा म्हणजे मोठा, मग तो कुणी का असेना!"

"कुणीही?" तालियाने विचारलं.

"कुणीही!"

चौथ्या दिवशी हत्तींच्या छावणीला जायचं ठरलं. गाडीत शेजारी फिलिपिन्समधल्याच सेबूच्या मिसेस अबेयाना होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी न विचारताच वय सहासष्ट सांगितलं. लोलाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मग तुम्ही आमच्या ताई! मी पासष्टची." आणि वाटभर तिने त्या बाईला ताई, ताई करून हैराण केलं. ताई, सावकाश उतरा. ताई, तुमच्या गुडघ्यांना जपा. मारिफेने खिडकीबाहेर बघत ओठ चावले.

मधेच लोला तालियाकडे वळली. "शिक पोरी. मी बावीस पुरी झाल्याशिवाय लग्नाला उभी राहिले नाही."

"आणि आई कधी झाली?"

"वर्षाच्या आत," लोला अभिमानाने म्हणाली. तालिया आईकडे बघून स्वतःशीच हसली. मारिफेला नुकतीच एकोणपन्नास लागली होती.

छावणीत माहुताने एका अवाढव्य हत्तिणीपाशी नेलं. कानांच्या कडा फाटलेल्या, सोंडेवर गुलाबी ठिपके. "ही मे बुआ. आमच्यात सगळ्यांत थोरली. अडुसष्ट वर्षांची."

"लोला," तालिया गोड आवाजात म्हणाली, "तू पासष्टची ना?"

लोलाला धोका दिसला, पण उशिरा. मिसेस अबेयाना शेजारीच उभ्या होत्या.

"हो. मग?"

"मग ही तुझ्याहून मोठी. मोठा म्हणजे मोठा, मग कुणी का असेना."

सगळे हसले. लोला कात्रीत सापडली. खरं वय सांगावं, तर ताईची ताई व्हायची पाळी. न सांगावं, तर हत्तिणीपुढे वाकायचं. मारिफे काही बोलणार, तोच लोलाने तिला असा चिमटा काढला की तिचं बोलणं जागीच राहिलं.

"वाकते! त्यात काय?" म्हणत लोलाने केळ्यांची पिशवी इंगोकडे दिली, टोपी काढली आणि सोंडेचं टोक दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावलं.

हत्तिणीने सोंड मागे घेतली नाही. ती लोलाच्या डोक्यावरून हळूहळू फिरवली, मानेवर आणली, कानापाशी ऊन ऊन फुंकर घातली. लोला वाकलेली ती वाकलेलीच राहिली.

"आई, लचकली का गं कंबर?" मारिफे घाबरून पुढे आली.

"नाही गं." लोलाने वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते. "माझी थोरली बहीण, चोलेंगताई, गेली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवणारं कुणी उरलंच नाही. जो तो माझाच हात मागतो. मी कुणाचा मागू?"

तेवढ्यात मे बुआने लोलाची टोपी उचलून तोंडात टाकली, इंगो ओरडला, माहूत धावला, आणि टोपी निम्मी परत मिळाली.

"आता तुम्ही मुलं," लोला नाक पुसत दरडावून म्हणाली. "आणि मोठ्यांपासून सुरुवात!"

इंगो सोंडेला जाऊन भिडला. तालियाने कानातलं गाणी ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं. ती हत्तिणीकडे निघाली, तिला वळसा घालून पुढे गेली आणि थेट लोलासमोर येऊन उभी राहिली. तिने आजीचा हात धरला आणि कपाळाला घट्ट लावला.

"अगं, आधी तिचा!" लोला गडबडली. "ती मोठी आहे."

"नाही लोला," तालिया हात न सोडता म्हणाली. "आईची एकोणपन्नास आणि तुझी बावीस. मला बेरीज येते."

मारिफे खोकली. मिसेस अबेयानांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. लोलाला हात मागे घेता आला असता. तिने दुसराही हात नातीच्या डोक्यावर ठेवला.

"देव तुझं भलं करो, कार्टे," ती म्हणाली.

परतताना गाडीच्या दारात मिसेस अबेयाना हात पुढे करून उभ्याच होत्या. "या ताई, सावकाश चढा. गुडघ्यांना जपा."