अष्टकोनी नळीची रायफल

हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. माझ्या हौसेला होतं. ते दुसऱ्यानं भरलं, म्हणून मला बरीच वर्षं ती म्हण खरी वाटत होती.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी अकोल्यात वकिली करत होतो आणि माझ्याकडे लीव्हरच्या तीन रायफली होत्या. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून पुन्हा वर मिटली, की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं आणि नवं आत बसतं, अशी त्यांची बनावट. बाररूममधले बाकीचे शिकारी हसायचे. "वकीलसाहेब, बंदूक हाये का पानाचा डबा? नुसती उघडझाक चालू हाये." गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचो आणि चहा प्यायचो.

पहिली रायफल आखूड होती, घोडेस्वारानं वापरायची. मेळघाटातून निवृत्त होऊन निघालेल्या एका जंगल अधिकाऱ्याकडून मी ती घेतली. दुसरी मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराची. तो माझा पक्षकार. त्याच्या घरी ती धान्याच्या कोठीमागे गंजत पडली होती. कोर्टातून आलो की मी जवसाचं तेल घेऊन तिचं लाकूड चोळत बसायचो. "एवढी मालिश पोरांची केली असती तं पहिलवान झाले असते," असं बायको म्हणायची. तिचं चुकत नव्हतं.

तिसरी सगळ्यांत लाडकी. तिची नळी गोल नव्हती, आठ कोनांची होती, आणि लाकूड अक्रोडाचं. पण माझा जीव अडकला होता तो तिच्या स्क्रूंत. जुन्या बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा कुणी ना कुणी पेचकस लावून कुरतडलेल्या असतात. हिच्या एकाही खाचेवर ओरखडा नव्हता. आलेल्या-गेलेल्याच्या हातात मी भिंग देऊन ते दाखवायचो. लोक बिचारे मान डोलवायचे.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. तिथली शेती माझा थोरला भाऊ बघायचा. त्याच्याकडे ठासणीची एकनळी होती आणि तिच्या जोरावर तो आसपासच्या सगळ्या गावांचा शिकारी होता. ज्वारीत रानडुकरं शिरली की माणसं आधी आमच्या दारात यायची. त्याच्या नेमापेक्षा त्याच्या सावधपणाला मान होता. भरलेली बंदूक त्यानं कधी उंबऱ्याच्या आत आणली नाही. मला बंदूक धरायला शिकवली ती त्यानंच. नळी जरा माणसाकडे वळली, की पाठीत रट्टा बसायचा. माझ्या रायफलींचं मात्र त्यानं कधी कौतुक केलं नाही आणि ते मला फार लागायचं.

दसऱ्याला आमच्या घरी सगळी हत्यारं ओसरीवर पाटावर मांडून पूजा व्हायची. विळे, कुऱ्हाडी, भावाची ठासणीची आणि माझ्या तीन. बंदूक रिकामी आहे हे साऱ्यांना दिसावं, म्हणून माझ्या रायफलींच्या कड्या उघड्या ठेवायच्या, हा भावाचाच नियम. वहिनी हळदकुंकू वाहायची आणि वरून मूठभर ओल्या अक्षता टाकायची. एका दसऱ्यानंतर भावानं अष्टकोनी उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि मला हाक मारली.

"लहान्या, आतमंदी दाना वाजून राहिला. अक्षता गेल्या आत. खोल अन् साफ कर."

"स्क्रू खोला लागतीन, दादा."

"मंग खोल ना."

"खाचा खराब होतात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बंदूक हाये का नवरी?" म्हणाला आणि बैल सोडायला गेला. मी रायफल उलटी करून दोन-चार दाणे झटकले. स्क्रूला हात लावला नाही.

पुढच्या भाद्रपदात मी तीच रायफल डुकरांसाठी शेतावर नेली. या रायफलींत काडतुसं नळीच्या खाली असलेल्या दुसऱ्या, बारीक नळीत एकामागे एक राहतात आणि आतली स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. काडतुसं भरताना अक्षतांतला कुंकू लागलेला एक चिकट दाणा त्यांच्याबरोबर आत गेला असणार. डुकरं आलीच नाहीत. मी कडी वर-खाली करून काडतुसं बाहेर काढली. ती यायची थांबली, तेव्हा संपली असं समजलो. मोजली नाहीत. एक आतच अडकून राहिलं होतं.

मग दसरा आला. पूजा झाली. गावातली माणसं शिलंगणाला शिवेवर गेली होती, वहिनी आत स्वयंपाकघरात होती आणि भाऊ ओसरीच्या पायरीवर बसून पायात जोडा घालत होता. मी पाटावरून अष्टकोनी उचलली. तिचा दस्ता फरशीवर जरा जोरातच टेकला गेला. त्या धक्क्यानं दाणा सुटला असावा आणि काडतूस मागे आलं असावं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त भावाकडून एकदा तरी वाहवा हवी होती.

"दादा, आवाज तं आयक हिचा," असं म्हणून मी उघडी कडी मिटली, पुन्हा ओढली आणि मिटली. खाली बघितलं असतं तर वर आलेलं काडतूस दिसलं असतं. मी बघत होतो भावाच्या तोंडाकडे. नळी कुठे आहे तेही बघितलं नाही. मग घोडा पडल्याचा खट आवाज ऐकवावा म्हणून चाप ओढला.

गोळी त्याच्या डाव्या गुडघ्याखाली लागली. वहिनी धावत बाहेर आली तेव्हा रायफल माझ्या हातात होती.

बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून सरकीच्या ट्रकमधून आम्ही त्याला अकोल्याला नेलं. वहिनी त्याच्या पायाशी बसली होती. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत तो म्हणाला, "कोनी इचारलं तं सांगजो, माह्याच हातून सुटली. तू वकील मानूस. नाव जाईन तुयं. लायसनबी जाईन."

मी नाही म्हणालो नाही. खरं लिहायचं तर त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या पोलिसांच्या मालखान्यात धूळ खात पडलेल्या माझ्या तीन रायफली. त्याचा पाय नंतर आठवला. हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते. दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला आला, तेव्हा त्याला वाक्यं मीच सांगितली, एकदम कायद्यात बसणारी. भावानं सही केली. वहिनी खाटेपाशी उभी होती.

पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. घरी आल्यावर मी पेचकस घेऊन रायफल उघडली. बारीक नळीच्या तोंडाशी एक लाल दाणा चिकटून होता.

पायाचं भाऊ सहन करत होता. गावाचं त्याला सहन होत नव्हतं. ज्या माणसानं सगळ्यांना बंदूक धरायची शिस्त लावली, तो पूजेच्या दिवशी स्वतःच्याच पायावर बार काढून बसला, याची लोकांना भारी मजा वाटली. "शिकारीबुवा, आज काय मारलं? उजवा का डावा?" असं पारावरून कुणीतरी विचारायचं. डुकरांसाठी त्याच्या दारात येणं बंद झालं. एक दिवस तो काठी टेकत गेला आणि ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करून आला. मी अकोल्याला होतो. मला ते वहिनीच्या चिठ्ठीतून कळलं.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावरची एक दुपार. त्या वर्षी डुकरांनी भुईमुगाचं पार वाटोळं केलं होतं. मी गावी आलेला बघून लोकांनी चावडीवर बैठक बसवली. भाऊही कोपऱ्यात येऊन बसला होता. पाटील म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या रायफली आना. तुमचा हात पक्का हाये. फक्त थोरल्याच्या हाती नोका देऊ बापा, नाई तं डुकराच्या जागी आमचेच पाय जातीन."

सगळे हसले. भाऊही हसला. तो हसलेला मला बघवेना आणि मी उठून उभा राहिलो. सगळं सांगितलं. रायफल माझी, हात माझा, चूकही माझी. तो मला साफ कर म्हणाला होता आणि मी केली नाही. जबाबही खोटा, तोही मीच रचलेला.

मग एक म्हातारे उठले, डोळे पुसत माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भाऊ असावा तं असा," ते म्हणाले. "थोरल्याची लाज झाकाले स्वतःच्या अंगावर घेऊन राहिला. वकील असून!"

मी ओरडलो, गळ्याची शपथ घेतली. जितक्या शपथा घेतल्या तितका त्यांचा विश्वास पक्का होत गेला. पाटलांनी माझ्यासाठी खास चहा मागवला. वहिनी पाहिल्याचं सांगेल म्हटलं, तर म्हणाले, ती तर सांगणारच, नवऱ्याची बाजू कोण नाही घेत?

घरी जाताना भाऊ काठीनं ढेकळं बाजूला करत माझ्या पुढे चालत होता. मी विचारलं, "दादा, तू काहून नाई बोलला? तुयं तं आयकलं असतं."

तो थांबला नाही. "मी बोललो असतो," तो म्हणाला, "तं म्हनले असते, एवढ्या भल्या भावावर ढकलून राहिला."

त्या हंगामात डुकरं मारायला मलाच बोलावलं, आणि मी गेलो.