स्क्वाड्रनच्या इतिहासातलं एक वाक्य

जळगावातल्या मेहरूणच्या चुडामण पाटलांना आपल्या जुन्या स्क्वाड्रनचा इतिहास टपालानं आला, तेव्हा ते हरखून गेले. मालवाहू विमानांच्या त्या स्क्वाड्रनमध्ये त्यांनी पंधरा वर्षं काढली होती. पॅराशूट आणि सुरक्षा पट्टे तपासायचं काम त्यांच्याकडे असे. पण एकशेबाराव्या पानावर त्यांचं डोकं फिरलं. '१९८७ साली हिमालयात रसद टाकताना एक कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे विमानातून पडला.'

तो कर्मचारी म्हणजे धुळ्याचा तोताराम माळी. उघड्या दारातून तो तांदळाची पोती ढकलत होता. विमानाला हिसका बसला आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा हुक तुटला. हुक झिजलाय, बदला, असं चुडामणनी रजिस्टरात दोनदा लिहिलं होतं. "मोहीम संपू दे, मग बघू," असं वरून उत्तर आलं. चौकशीत त्यांनी हे सगळं सांगितलं. अहवालात त्यातलं अक्षरही उतरलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते धुळ्याला गेले आणि तोतारामच्या बायकोला, इंदिराबाईंना, ते वाक्य वाचून दाखवलं; पुस्तकाचे संपादक जळगावच्या मेळाव्याला येणार आहेत, हेही सांगितलं. इंदिराबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "हाई बठ्ठं खोटं शे, भाऊ. माले तठे लई चला."

माजी सैनिकांच्या त्या मेळाव्याला चुडामण इंदिराबाईंना घेऊन गेले. पुस्तकाचे संपादक, एक निवृत्त अधिकारी, त्याला आले होते. त्यांचं भाषण चालू असतानाच चुडामण उठले आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"साहेब, हे कशावरून लिहिलं?"

"चौकशीच्या अहवालात तसंच आहे."

"ज्यांनी हुक बदलला नाही, त्यांचाच तो अहवाल. मेसमधल्या कुत्र्याचंसुद्धा नाव आहे या पुस्तकात. तोतारामचं नाही."

"पुढच्या आवृत्तीत नाव नक्की टाकू," साहेब म्हणाले.

इंदिराबाई उभ्या राहिल्या. "नाव नंतर टाका. पहिले ते वाक्य काढा."

तीन महिन्यांनी शुद्धिपत्र आलं. तोतारामचं पूर्ण नाव होतं, निष्काळजीपणा गेला होता. त्या जागी 'पट्ट्यातील बिघाडामुळे' असं आलं होतं. इंदिराबाईंनी फोनवर चुडामणकडून ते तीनदा वाचून घेतलं.

चुडामण मात्र धुमसतच होते. पट्टा काय आपोआप बिघडला? हुक बदलायला नकार कोणी दिला, ते लिहा, असं दुसरं पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहायला घेतलं.